अभिप्रायाचा कागद

१

मी बांधणीवाला. चव्वेचाळीस वर्षं वाचनालयाची पुस्तकं बांधतो आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. आजवर एकही कादंबरी वाचली नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही. पुस्तक बाहेरून टिकलं पाहिजे, एवढं माझं काम. आत काय आहे ते लिहिणाऱ्याने पाहावं.

आमच्या वाचनालयाचा एक नियम आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी अभिप्रायाचा एक कागद चिकटवलेला असतो. पुस्तक परत करताना वाचकाने त्यावर दोन ओळी लिहायच्या आणि शेजारच्या रकान्यात सभासद क्रमांक टाकायचा. नाव लिहायचं नाही. अभिप्रायाशिवाय पुस्तक परत घेत नाहीत. कागद भरला की पुस्तक माझ्याकडे येतं. मी नवा कागद खळीने जोडतो, शिवण ढिली असेल तर आवळतो, एक दिवस शिकंज्यात दाबून ठेवतो आणि नेऊन देतो.

एका कागदावर चाळीस अभिप्राय मावतात. चांगल्या चालणाऱ्या पुस्तकाचा कागद भरायला तीन वर्षं लागतात. त्या कादंबरीचा एका महिन्यात भरला.

मी ग्रंथपालबाईंना विचारलं, "बाई, हे कसं?"

"काय कसं?"

"प्रत एक. दिवस तीस. माणसं चाळीस."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वाचतायत लोक, काका. तुम्हाला त्याचाही त्रास?"

"त्रास नाही. हिशेब लागत नाही."

"काही जण इथेच बसून वाचतात. सकाळी एक, दुपारी दुसरा. राजकारण आहे, गोळीबार आहे, पाठलाग आहे. पुलाच्या उद्घाटनाला आलेल्या मंत्र्याला एक जण गोळी घालतो आणि पळतो. मग अख्खं सरकार त्याच्या मागे. हातातून सुटत नाही म्हणतात. तुम्हीही वाचा की एकदा."

"मी नाही वाचत."

"माहीत आहे. चव्वेचाळीस वर्षं तेच सांगताय."

हिशेब लागला. मी पुस्तक घेऊन घरी आलो.

नवा कागद जोडण्याआधी जुन्यावरून नजर फिरवावी लागते. शाई ओली असली तर समोरच्या पानावर उमटते. मी बोट ठेवून सावकाश वाचतो. "वेगवान कथानक." "मंत्री मेला ते बरं झालं, पण पहिल्याच प्रकरणात मारायला नको होता." "शेवट फसला." "पळणाऱ्याची बाजू पटत नाही. खून तो खून." एकाने लिहिलं होतं, "दोन पानं चहाने चिकटली आहेत." ती मी सोडवली.

२

माझं घर गल्लीच्या टोकाला आहे. खाली कामाची खोली, मागे स्वयंपाकघर, वर एक खोली. बायकोला जाऊन बारा वर्षं झाली. मूलबाळ नाही. मी एकटा राहतो असं गल्ली समजते.

मी एकटा राहत नाही. वरच्या खोलीत माझा धाकटा भाऊ आहे.

एकतीस वर्षांपूर्वी मैदानावरच्या सभेत एका पुढाऱ्याला कोणीतरी गोळी घातली. घालणारा सापडला नाही. त्या संध्याकाळी भाऊ कामावरून लवकर आला. मोरीत हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. मग म्हणाला, "दादा, वरची खोली मला दे." मी दिली. चौकशी करणारे आले तेव्हा मी सांगितलं, भाऊ बोटीवर नोकरीला गेला, परवाच निघाला. सांगताना माझा आवाज हलला नाही. त्यांनी मानलं. गल्लीनेही मानलं.

तेव्हापासून तो वर आहे. खिडकीच्या काचांना मी आतून जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्याखालचा पिवळा कागद चिकटवला. गल्लीत हालचाल नसते अशा वेळी तो मोरीपर्यंत उतरतो, पुन्हा चढतो. मी दोन वेळा ताट नेतो. बोलणं फार होत नाही. "मीठ कमी आहे." "उद्या बघतो." एवढंच.

मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग ते उत्तर बरोबर घेऊन मला रोज जिना चढावा लागला असता. आईने जाताना माझा हात धरून म्हटलं होतं, "धाकट्याला सांभाळ." मी सांभाळला. तो कोणाला सापडू नये, एवढी एक गोष्ट मी एकतीस वर्षं केली. बाकी आयुष्यात सांगण्यासारखं काही नाही.

३

दुसरा कागद नऊ दिवसांत भरला.

बाई पुस्तक हातात देताना म्हणाल्या, "बघा, तुमचं गिऱ्हाईक आलं." मी हसलो नाही. घरी येऊन शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचू लागलो. वरचे सात-आठ अभिप्राय नेहमीचे होते. नवव्या ओळीवर बोट थांबलं.

"पळणाऱ्याची दया येते. तीस वर्षं एका खोलीत काढणं म्हणजे तुरुंगच."

खालचा दुसऱ्या अक्षरात होता. "खोलीचं वर्णन उत्तम. खिडकीला चिकटवलेल्या पिवळ्या कागदातून येणारा उजेड वाचतानाही डोळ्यांना जाणवतो."

त्याखाली बायकी, गोल अक्षर. "पानापानाला खळीचा वास येतो."

पुस्तकाला खळीचा वास येणारच. मीच लावली होती. मी स्वतःला तसं सांगितलं आणि पुस्तक मिटून तसाच वाचनालयात परत गेलो.

"बाई, ह्यात तो माणूस किती दिवस लपून राहतो?"

"आता वाचायला लागलात की काय?"

"किती दिवस?"

"अकरा. अकरा दिवस पळतो, बाराव्या दिवशी हद्दीवर मारला जातो."

"खोलीत लपतो?"

"खोलीत कसला लपतोय. डोंगरात असतो, एकदा धान्याच्या गोदामात, एकदा एका डॉक्टरच्या गाडीत. खोली नाहीच." त्यांनी पानं चाळली. "नाही. कुठेच नाही. का?"

मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचला आणि खांदे उडवले. "काका, अर्धे लोक पुस्तक न वाचताच लिहितात. एकाने स्वयंपाकाच्या पुस्तकावर 'नायिका आवडली' लिहिलंय. मनावर घेऊ नका."

बाईंचं बोलणं सरळ होतं. तरी घरी येताना मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने आलो आणि वरच्या खिडकीकडे पाहिलं. बाहेरून कागद दिसत नाही. काच नुसती काळी दिसते. पिवळा तो फक्त आतून दिसतो.

४

गल्लीचा जुना पोस्टमन आता निवृत्त आहे. दिवसभर वाचनालयाच्या पायरीवर बसून वाचतो. त्याचं अक्षर मी ओळखतो. तिरकं, घाईचं, दारात उभं राहून लिहिल्यासारखं. दुसऱ्या कागदावर ते होतं. "जिन्याचा प्रसंग अंगावर येतो. नववी पायरी हलते, तिथे ताट नेणारा दरवेळी भिंतीला हात लावतो."

माझ्या जिन्याची नववी पायरी हलते. पोस्टमनने तो जिना कधी पाहिलेला नाही. पत्रं मी दारातच घेत आलो.

मी त्याच्यासमोर कागद धरला. "हे तू लिहिलंस?"

"अक्षर माझंच आहे. का रे बाइंडर, शुद्धलेखन तपासतोस काय? तेही चौथी शिकून?"

"पुस्तकात जिना नाही."

"आहे."

"बाई म्हणतात नाही."

"बाईंना कुठलं पुस्तक धड आठवतंय." तो हसला. मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "मी वाचलं म्हणूनच लिहिलं ना? मी काय लेखक आहे मनाने रचायला? अरे, डोळ्यापुढे उभं राहतं. एक म्हातारा ताट घेऊन चढतोय. पाठीतून जरा वाकलेला. वर दाराला कडी नाही, सुतळी आहे."

दाराला सुतळी आहे. कडी मोडली तेव्हा मीच बांधली. लोहाराला घरात कसं बोलावणार?

"कितव्या पानावर?" मी विचारलं.

त्याने पुस्तक घेतलं आणि बराच वेळ पानं उलटली. पुढून मागे, मागून पुढे. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"सापडत नाहीये. पण वाचलंय मी." मग सहज विचारल्यासारखं तो म्हणाला, "तुझा भाऊ असतो ना बोटीवर? तीस वर्षं तुमच्या गल्लीत टपाल वाटलं मी. त्याचं एक पत्र नाही टाकलं कधी तुझ्या दारात."

"तो लिहीत नाही."

"शिकलेला होता ना तो? तुझ्यापेक्षा जास्त."

मी पुस्तक काखेत घेतलं. उठून आलो.

५

पुस्तक मी परत केलं नाही. खळ वाळत नाही, हवा दमट आहे, असं बाईंना कळवलं. आठ दिवस ते शिकंज्यात होतं. जाळावं असं एकदा मनात आलं. पण जाळतो तो घाबरलेला असतो, आणि मी कोणाला घाबरलो असं आजवर झालं नाही. शिवाय एकदा माझ्या हातात आलेलं पुस्तक मी कधी गहाळ केलेलं नाही.

दुसऱ्या कागदाचे शेवटचे अभिप्राय त्या आठ दिवसांत मी कितीदा वाचले ते सांगता येणार नाही.

"आतल्या माणसापेक्षा ताट नेणारा जास्त भीतिदायक."

"ताट नेणारा म्हातारा खोटारडा वाटतो. भाऊ बोटीवर आहे ही थाप कोण मानेल?"

"खोटारडाच. असल्या माणसाच्या हातचं अन्न घशाखाली उतरणार नाही."

आणि अगदी तळाला, जागा संपत आली म्हणून बारीक केलेल्या अक्षरात, "सगळं छान, पण घर नक्की कुठे आहे ते लेखक सांगत नाही. उत्सुकता ताणली जाते."

म्हणजे घर कुठे ते त्यांना माहीत नव्हतं. एवढा एक आधार होता.

मी माझ्या बुद्धीने विचार करत राहिलो. पोस्टमनला पत्रांवरून शंका आली असेल, त्याने चारचौघांत बोलून ठेवलं असेल, आणि लोक माझी थट्टा करत असतील. असं होऊ शकतं. पण कागदावर चाळीस जणांची हस्ताक्षरं होती. चाळीस जणांना थट्टेची बातमी असती तर गल्लीत कुठेतरी एक हसू तरी ऐकू आलं असतं. कोणीच हसत नव्हतं. मी दुकानात गेलो तर लोक नेहमीसारखे बोलत होते.

नवव्या दिवशी दुपारी ताट वर नेलं. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. दोन घास झाल्यावर तो म्हणाला, "दादा, ते पुस्तक देऊन टाक."

मी त्याला पुस्तकाबद्दल बोललो नव्हतो. खाली काम करताना मी पुटपुटतो, म्हाताऱ्या माणसांना सवय असते. त्याने ते ऐकलं असेल.

"कुठलं पुस्तक?"

"थांबलेत ते लोक."

"कोण लोक?"

"ज्यांचं वाचायचं राहिलंय ते." त्याने पाण्याचा घोट घेतला. "थांबवून ठेवलं की ते इथे येऊन बसतात. दिवसभर. मग मला झोप लागत नाही."

खोलीत कोणी नव्हतं. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची आणि पिवळा उजेड. मी खाटेखालीसुद्धा पाहिलं. नंतर त्याची लाज वाटली.

"मीठ बरोबर आहे आज," भाऊ म्हणाला.

६

खोटारडा हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. मी खोटं बोललो आहे. एकदाच, आणि कशासाठी ते मला माहीत आहे. पण ज्यांना माझ्या घराचा उंबरठा ठाऊक नाही त्यांनी तो शब्द शाईने लिहावा, आणि तो कागद मीच माझ्या हाताने पुस्तकात टिकवावा, हे मला सहन झालं नाही.

मी तिसरा कागद कापला. रेषा आखल्या. खळ लावून जोडला. आणि मग चव्वेचाळीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. दौत उघडली आणि पहिल्या ओळीवर लिहिलं.

"हे सर्व खोटे आहे. बांधणीवाल्याच्या घरी वर कोणी राहत नाही. त्याचा भाऊ बोटीवर आहे. वाचकांनी उगाच शोध करू नये."

शाळेत माझं अक्षर चांगलं होतं. अजूनही आहे.

शेजारचा रकाना रिकामा राहिला. क्रमांकाशिवाय बाई अभिप्राय खोडून टाकतात, आणि हा खोडला जाऊन चालणार नव्हता. मी सभासद नाही. कुठल्याही कागदावर मी आजवर एकच आकडा लिहीत आलो आहे, तो घराचा. तोच लिहिला. सतरा.

शाई वाळली तेव्हा मला हलकं वाटलं. एखादं अवघड पुस्तक नीट बांधून झाल्यावर वाटतं तसं. त्याच दुपारी मी ते वाचनालयात देऊन आलो. बाईंनी शेवटचं पान उघडून पाहिलं नाही. रांगेतल्या पहिल्या माणसाला दिलं. त्या माणसाने मात्र ते आधी मागून उघडलं.

७

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला एक बाई छत्री मिटून माझ्या दारासमोर उभी राहिली. तिने दारावरचा आकडा पाहिला. मान हलवली, एखादी ओळ पटल्यावर हलवतात तशी. मग वरच्या खिडकीकडे पाहिलं आणि निघून गेली.

अर्ध्या तासाने एक पुरुष आला. मग एक म्हातारं जोडपं. कोणी काही विचारलं नाही. आकडा, खिडकी, आणि मग पुढे.

मी बाहेर गेलो. "काय पाहिजे?"

जोडप्यातली बाई अदबीने म्हणाली, "काही नाही. डोळ्यांपुढे होतंच. फक्त ताडून पाहिलं."

"काय ताडून पाहिलं?"

"घर," तिचा नवरा म्हणाला. "बरं झालं तुम्ही लिहिलंत. नाहीतर अधांतरी राहिलं होतं."

तेव्हा मला कळलं. बांधणीवाला हा शब्द त्या दोन्ही कागदांवर कुठेच नव्हता. घराचा आकडा कुठेच नव्हता. बोटीवरच्या भावाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, पण ताट नेणारा म्हातारा कोण ते नव्हतं. ते सगळं मी लिहून दिलं होतं. सुवाच्य अक्षरात.

संध्याकाळ व्हायच्या आत मी वाचनालयात पोचलो. पुस्तक टेबलावरच होतं. तिसरा कागद भरला होता. माझ्या ओळीखाली एकोणचाळीस अभिप्राय, एकोणचाळीस हस्ताक्षरांत, आणि सगळ्यांची शाई सारखीच ताजी.

"आता सगळं जुळलं."

"आता सगळं जुळलं."

तळापर्यंत हीच ओळ. पोस्टमनचं तिरकं अक्षरही त्यात होतं. बाईंचंसुद्धा.

"बाई, तुम्ही लिहिलंत हे?"

त्या वाकून वाचू लागल्या. बराच वेळ वाचत राहिल्या, जणू तिथे त्या तीन शब्दांहून जास्त काही लिहिलेलं होतं.

"हो की," त्या म्हणाल्या. "माझंच अक्षर आहे." आणि मग माझ्याकडे पाहून, अगदी हळू, "काका, तुम्ही इथे काय करताय? घरी जा. तुमचा भाऊ एकटा आहे."

त्यांना माझा भाऊ घरी आहे हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

८

गल्ली रिकामी होती. दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. मी उघडून आत गेलो. कामाच्या खोलीत काही हललेलं नव्हतं. दाभण, दोरा, खळीचं भांडं, सगळं जागेवर.

वरून आवाज येत होता. चव्वेचाळीस वर्षं कागदाबरोबर काढलेल्या माणसाला तो आवाज ओळखायला विचार करावा लागत नाही. पान उलटण्याचा आवाज. एका पुस्तकाचा नव्हे. पुष्कळ पानं, एकाच वेळी, एकाच ठिकाणी उलटलेली. मग शांतता, एक पान वाचायला लागते तेवढी. मग पुन्हा.

मी जिना चढलो. नवव्या पायरीवर भिंतीला हात लावला. दाराची सुतळी सुटलेली होती. आतून कोणी कुजबुजत नव्हतं, खोकत नव्हतं. फक्त पानं.

मी दार ढकललं.

खोलीत पिवळा उजेड होता. भाऊ खुर्चीवर बसला होता, पाठ माझ्याकडे. त्याचे केस ओले करून विंचरलेले होते. एकतीस वर्षांत मी त्याला असं बसलेलं पाहिलं नव्हतं, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. दुसरं कोणी नव्हतं. पण खाटेवरची गादी सहा-सात ठिकाणी खोल दबली होती, शेजारी शेजारी, माणसं दाटीने बसावीत तशी. टेबलाची कड वाकली होती. जमिनीवरची धूळ जागोजागी पुसली गेली होती, भिंतीपासून खुर्चीपर्यंत, आणि मधे पाय ठेवायला जागा राहिली नव्हती.

मी उंबरठ्यावर थांबलो आणि आवाज बंद झाला. वाचनाच्या खोलीत कोणी मधेच आत आला की सगळे वाचायचे थांबतात. मान वर करतात. तो बाहेर जाईपर्यंत वाट पाहतात. तसा.

"धाकट्या," मी म्हणालो. "ऊठ. चल खाली."

तो वळला नाही.

"मला विचारलं त्यांनी," तो म्हणाला. त्याचा आवाज मोकळा होता, ताप उतरलेल्या माणसासारखा. "तू कधी विचारलं नाहीस, दादा. त्यांनी विचारलं. मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

उत्तर यायच्या आधी खाटेवरची एक दबलेली जागा किंचित हलली. कोणीतरी माझ्याकडे पाहायला वळावं तशी.

"तू जा खाली," भाऊ म्हणाला. "लोकांना अडवू नकोस. थोडंच राहिलंय."

मी आयुष्यात कोणाच्या सांगण्यावरून माझ्या घरातल्या खोलीतून बाहेर गेलो नव्हतो.

मी दार ओढून घेतलं. आत पान उलटलं.